प्लेट की रिंग? आधी कातडी काय म्हणते ते बघा

प्रश्न : डॉक्टर, आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. कौलं सरकून घरात गळत होतं म्हणून माझे यजमान (वय ५१) शिडी लावून वर चढले. ओल्या चिऱ्यांवरून शिडी घसरली आणि ते आठ-दहा फुटांवरून सरळ पायांवर आले. उजव्या घोट्याचा चुरा झालाय. कातडी फाटलेली नाही. हॉस्पिटलात ‘पिलॉन फ्रॅक्चर’ म्हणून सांगितलं. त्याच रात्री पायाला बाहेरून सळ्या लावल्या, दुसऱ्या दिवशी सीटी स्कॅन काढला, आणि आता नऊ दिवस झाले, नुसतं झोपवून ठेवलंय. सूज उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही म्हणतात. पायावर मोठमोठे फोड आलेत. ओळखीच्या एका डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक्स-रे पाठवला तर म्हणाले, एवढा उशीर कशाला, त्याच दिवशी प्लेट घालायला हवी होती. पुण्याचे दीर म्हणतात रिंगच घाला, कापाकापी नको. सासूबाई म्हणतात घरी आणा, हाडवैद्याकडून बांधून घेऊ. यजमानांना साखर आहे, गोळ्या चालू आहेत. सिगरेटही ओढतात. बालरथ (शाळेची बस) चालवतात, घर त्यावरच चालतं. प्लेट बरी की रिंग? चवथीला (गणेश चतुर्थीला) उभे राहतील का? गाडीवर कधी बसतील?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, ज्या नऊ दिवसांना तुम्ही ‘नुसतं झोपवून ठेवलंय’ म्हणता, त्या नऊ दिवसांत उपचारच चालू आहेत. त्या रात्री ज्यांनी प्लेट घातली नाही त्यांनी बरोबर केलं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या डॉक्टरांना दोष देत नाही, पण एक्स-रेमध्ये हाड दिसतं, कातडी दिसत नाही. आणि या फ्रॅक्चरमध्ये सगळं अडतं ते कातडीपाशी.

‘घोटा मोडला’ हे आपण सरसकट म्हणतो. पावसात पायरीवरून पाय मुरगळून जो घोटा मोडतो तो वेगळा. त्यात घोट्याच्या आतल्या-बाहेरच्या उंचवट्यांपैकी एखादा, दोन्ही, नाहीतर मागच्या कडेसकट तीन तुकडे निघतात. तीन ठिकाणी मोडलं तर ट्रायमॅलिओलर म्हणतात, तेही गंभीरच. पण तिथे सांध्याचं मुख्य छत बहुतेक शाबूत असतं. सूज चढण्याआधी किंवा उतरल्यावर प्लेट-स्क्रू लावून ते सहसा मार्गी लागतं. तुमच्या शेजारपाजारच्या कुणाचं ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी झालं आणि दोन महिन्यांत तो बाजारात दिसला, तर त्याचं हे असलं फ्रॅक्चर असणार. त्याच्याशी तुलना करू नका.

तुमच्या यजमानांचं सगळं वजन उंचावरून टाचेवर आलं. टाचेच्या वरचं टेलस नावाचं हाड खालून वर नडगीच्या हाडात घुसलं आणि नडगीचं खालचं टोक, म्हणजे सांध्याचं छतच, नारळ दगडावर आपटल्यावर करवंटी फुटावी तसं फुटलं. हे पिलॉन. छताच्या आतल्या बाजूला गुळगुळीत कूर्चा असते, तिचेही तुकडे होतात. कूर्चा हाडासारखी भरून येत नाही. म्हणून सर्वांत भारी ऑपरेशन होऊनही हा घोटा पहिल्यासारखा होत नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. कोणी ‘हंड्रेड पर्सेंट’ म्हणाला तर त्याचं बाकीचं बोलणंही जपून ऐका.

आता कातडी. नडगीच्या खालच्या टोकाला मांसाचं आवरण जवळपास नाहीच. हाड, त्यावर पातळ कातडी, संपलं. एवढ्या दणक्यानंतर ती कातडी आतून ठेचली जाते, सूज येते, रक्तपुरवठा कमी होतो आणि फोड येतात. पाण्याचे फोड असतील तर इजा वरवरची. काळसर, रक्ताचे असतील तर खोलवरची. अशा कातडीवर चिरा दिला तर टाके धरत नाहीत, जखम उघडते, आतली प्लेट दिसायला लागते, जंतू हाडात शिरतात. मग कातडी-मांस लावायच्या शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने अँटिबायोटिक, आणि क्वचित पाय गमवायची वेळ.

हे आमच्या शास्त्राला महागात पडून कळलंय. १९६९ साली रुएडी आणि आल्गोवर या स्वित्झर्लंडच्या सर्जननी पिलॉनवर प्लेट घालून आलेले चांगले निकाल छापले आणि जगभर प्लेटा घालायला सुरुवात झाली. पण त्यांचे बरेच रुग्ण स्कीइंग करताना पडलेले, म्हणजे इजा तुलनेने कमी जोराची. तेच तंत्र उंचावरून पडलेल्या आणि मोटार अपघातातल्या लोकांवर घाईने वापरलं तेव्हा जखमा उघडण्याचं आणि जंतुसंसर्गाचं प्रमाण भयंकर निघालं. १९९९ च्या सुमाराला अमेरिकेतल्या सर्जननी ऑपरेशन दोन टप्प्यांत विभागलेलं दाखवलं. पहिल्या दिवशी बाहेरून सळ्या लावून पाय ताणून धरायचा, मग सीटी, मग थांबायचं, आणि कातडी तयार झाल्यावरच चिरा. तेव्हापासून जोराच्या पिलॉनला हीच वाट धरतात. तुमच्या हॉस्पिटलात नेमकं हेच चाललंय.

सीटी सळ्या लावल्यानंतर काढला हेही बरोबर. पाय ताणला की तुकडे थोडे आपल्या जागी येतात आणि मगच कुठला तुकडा कुठला ते नीट कळतं. त्यावरून चिरा कुठून घ्यायचा ते ठरतं.

कातडी तयार झाली हे कसं ओळखायचं? सूज असते तेव्हा कातडी ताणलेली, चकचकीत दिसते. उतरली की घोट्याभोवती बारीक सुरकुत्या पडतात आणि फोडांवर नवी कातडी येते. सर्जन त्या सुरकुत्यांचीच वाट बघतात. साधारण १० ते २१ दिवस लागतात. तीन आठवड्यांच्या फार पुढे गेलं तर तुकडे चिकटायला लागतात आणि जागेवर बसवणं कठीण होतं, तेव्हा हे थांबणं बेमुदत नाही. तुम्ही नवव्या दिवशी आहात. उशीर झालेला नाही.

तोवर घरच्यांच्या हातात एक मोठं काम आहे. पाय छातीपेक्षा वर राहिला पाहिजे. एक उशी टाचेखाली दिली म्हणजे पाय वर झाला असं नाही. पोटरीखाली दोन-तीन उशा द्या, टाच मोकळी ठेवा, नाहीतर टाचेला जखम होते. हॉस्पिटलच्या कॉटची पायाकडची बाजू फिरवून वर करता येते, नर्सना सांगा. पुढे घरी आणल्यावर खाटेच्या पायथ्याकडच्या दोन पायांखाली जांभ्या दगडाचे पक्के तुकडे सारले तरी चालेल, फक्त खाट हलत नाही ना ते बघून. बोटं दर तासाला वर-खाली हलवायची. फोड कोणी हौसेने फोडू नये.

आता प्लेट की रिंग.

प्लेटचा फायदा असा की सर्जन सांध्याचं छत उघडून डोळ्यांनी बघतो, तुकडे जुळवतो, मधे पोकळी उरली तर कमरेच्या हाडातून काढलेला चुरा भरतो आणि प्लेट-स्क्रूने धरून ठेवतो. सांधा जितका सपाट जुळेल तितका पुढे बरा, आणि सपाट जुळवण्यात हीच पद्धत सरस. बाहेर काही लोंबत नाही, जखम भरली की घोटा हलवायला लागता येतं. तोटा एकच, पण मोठा. चिरा. खोलवरचा जंतुसंसर्ग झाला तर तो प्लेटवाल्यांनाच जास्त भोवतो.

रिंग म्हणजे इलिझारोव्ह. सायबेरियातल्या कुर्गान गावी गाव्रिल इलिझारोव्ह या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात काढलेली पद्धत. पायाभोवती गोल कड्या, आणि कड्यांना ताणून बांधलेल्या बारीक तारा हाडातून आरपार. सांध्याचे मोठे तुकडे छोट्या चिऱ्यांतून एखाद-दोन स्क्रूंनी जुळवतात, बाकी भार रिंग पेलते. कातडी खराब असेल, फ्रॅक्चर उघडं (कातडी फाटलेलं) असेल, साखर हाताबाहेर असेल, तिथे मी बिनदिक्कत रिंग म्हणेन. पण दिरांना सांगा, ‘कापाकापी नाही’ म्हणून ती सोपी नाही. तीन ते पाच महिने ती पायावर असते. झोपताना, न्हाणीघरात, पँट घालताना, सगळीकडे. तारा जिथून आत जातात तिथे वरवरचा संसर्ग होतोच होतो. बहुतेक वेळा गोळ्यांनी आणि साफसफाईने जातो, पण ती साफसफाई घरच्या कुणालातरी सतत करावी लागते, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात तर जास्तच. ते काम तुमच्यावर येणार.

लांब पल्ल्यात बघितलं तर चालणं, दुखणं या बाबतीत दोन्ही गटांत फार मोठा फरक राहत नाही. म्हणून ‘कुठली भारी’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. तुमच्या यजमानांसाठी माझं मत असं: कातडी फाटलेली नाही, वय ५१ आहे, तेव्हा सुरकुत्या पडल्या, फोड सुकले, साखर काबूत आली आणि तळपायाची संवेदना शाबूत असली तर प्लेट. यातलं एखादं जमत नसेल, विशेषतः चिऱ्याच्या जागी काळे फोड असतील, तर रिंग. ही निवड ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पाय हातात घेऊन बघणारा सर्जनच करू शकतो, मी नाही आणि पुण्याहूनही कोणी नाही.

बाकीचे पर्याय तुमच्या कानावर येतील म्हणून थोडक्यात. घोटा तिथेच कायमचा जोडून टाकणं, म्हणजे फ्यूजन, हे छताचं पीठ झालेलं असेल तेव्हाच सुरुवातीला करतात. टाचेतून वर नडगीत सळी घालणं हे फार थकलेल्या, कमी चालणाऱ्या वृद्धांसाठी. नुसतं प्लास्टर? साठीपुढच्या लोकांच्या मुरगळून मोडलेल्या घोट्याला नीट घोटून बसवलेलं प्लास्टर ऑपरेशनइतकंच उपयोगी पडू शकतं, असं ब्रिटनमध्ये २०१६ साली छापलेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. ते फ्रॅक्चर वेगळं, सरकलेल्या पिलॉनला ते लागू नाही.

हाडवैद्याबद्दल. सासूबाईंचा विश्वास मी समजू शकतो. साधी, न सरकलेली हाडं कोणीही बांधली तरी जुळतात, आणि नाव बांधणाऱ्याचं होतं. पण सुजलेल्या पायाला बांबूच्या कामट्यांनी करकचून बांधलं तर आतला रक्तपुरवठा तुटतो. साखर असलेल्या माणसाच्या पायावर हा जुगार नको. सासूबाईंना हे तुम्ही सांगण्यापेक्षा वॉर्डातल्या डॉक्टरांकडून सांगवून घ्या, घरात कटकट कमी होईल. फोडांवर हळद, पाला, तेल, काही लावू नका.

साखरेची गोष्ट गंभीरपणे घ्या. एचबीए१सी ही तपासणी झाली नसेल तर करून घ्या. गेल्या तीन महिन्यांची सरासरी कळते. आठच्या वर असेल तर जखम न भरण्याचा धोका चढतो. ऑपरेशनच्या दिवसांत गोळ्या बंद करून इन्सुलिन देतात, घाबरू नका, ते बहुधा तेवढ्यापुरतं असतं. आणि डॉक्टरांना विचारा, तळपायाला बारीक दोऱ्याने टोचून संवेदना तपासली का? संवेदना कमी असेल तर सगळा हिशेब बदलतो. पायावर भार न द्यायचा काळ जवळपास दुप्पट धरतात, कारण दुखत नाही म्हणून माणूस चालतो आणि आत सगळं कोसळतं.

सिगरेट. इथे मला गोड बोलता येत नाही. धुरामुळे कातडीचा रक्तपुरवठा आक्रसतो आणि हाड जुळायला वेळ लागतो. वॉर्डाच्या मागे जाऊन एकच ओढली, हेही नको. ज्या मित्रांना भेटायला यायचं असेल त्यांना खिसा रिकामा करून यायला सांगा.

जेवणाचं एक आपल्याकडचं विशेष. जूनच्या पहिल्या तारखेपासून जुलैअखेर मासेमारी बंद, तोवर श्रावण लागतो, म्हणजे नेमके हाड भरायचे दिवस आणि घरात मासळी नाही. पेज-लोणच्यावर हाड जुळत नाही, जखमही भरत नाही. श्रावण पाळत असाल तर डाळ, अळसांद्याची नाहीतर मुगाची उसळ, दूध, दही, पनीर, शेंगदाणे रोज पोटात गेले पाहिजेत. पाळत नसाल तर दोन अंडी. ड जीवनसत्त्व तपासून कमी असेल तर डॉक्टर देतील. ‘हाड जुळायच्या’ महागड्या पावडरींवर पैसे घालवू नका.

पैशांवरून आठवलं. स्टील की टायटॅनियम असं विचारतील. निकालात फरक पडेल असं काही नाही, चांगल्या प्रतीचं स्टील पुरतं. लॉकिंग प्लेट, म्हणजे जिच्यात स्क्रू प्लेटलाच घट्ट अडकतात ती, मात्र बारीक चुरा झालेल्या हाडात खरोखर उपयोगी आहे, ती सुचवली तर घ्या. २०१६ पासून चालू असलेल्या गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर ते हॉस्पिटलच्या काउंटरवर आधीच दाखवा. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत उपचारांचा खर्च देण्यासाठी ही योजना बनवली आहे. कुठली शस्त्रक्रिया त्यात बसते ते दाखल करतानाच विचारून घ्यायचं. दुसरं मत घ्यायचं तर बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) अस्थिरोग विभागात सीटीच्या फिल्म घेऊन जा, आणि सोबत पायाचे आजचे फोटोही न्या. नुसता एक्स-रे नको.

आता चवथ. दोन्ही पायांवर, नाही. आज उद्यात सूज उतरून पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं असं धरू. दोन ते तीन आठवड्यांनी टाके निघतात, मग घोटा वर-खाली हलवायचा व्यायाम सुरू. भार मात्र १० ते १२ आठवडे शून्य. तुम्ही कदाचित ऐकाल की हल्ली दोन आठवड्यांत चालवतात. ब्रिटनमधली २०२४ ची एक चाचणी तसं दाखवते खरी, पण ती मुरगळून मोडलेल्या घोट्यांची. पिलॉनमध्ये जुळवलेलं छत लवकर दाबलं तर खचतं. त्यामुळे चवथीला ते घरी असतील, वॉकर घेऊन एका पायावर खोलीतल्या खोलीत फिरतील, पाय वर करून सोप्यावर बसून आरती म्हणतील. माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायला स्टुलावर चढायचं काम यंदा दिरांचं. पाहुण्यांच्या गर्दीत पाय दिवसभर खाली लोंबकळत ठेवला तर रात्री सूज दुप्पट होईल, तेव्हा त्यांना आतल्या खोलीत अधूनमधून आडवं करा. आणि अंगणातल्या शेवाळलेल्या चिऱ्यांवर वॉकर नेऊ देऊ नका. न्हाणीघरात धरायला दांडी, बसायला प्लास्टिकची खुर्ची आणि कमोड, एवढी तयारी ते घरी यायच्या आधी करून ठेवा.

तीन महिन्यांनंतर एक्स-रे बघून थोडा-थोडा भार. चार-पाच महिन्यांत काठीने किंवा काठीशिवाय चालणं. सुधारणा वर्षभर, कधी दोन वर्षंसुद्धा चालू राहते, म्हणून सहाव्या महिन्याला ‘आता एवढंच’ म्हणून फिजिओथेरपी सोडू नका. उकिडवं बसणं आणि मांडी घालणं बहुधा अवघड राहील. चढ-उतार, खडबडीत कुळागरात चालणं हे सर्वांत शेवटी जमतं. एक-दोन वर्षांनी एक्स-रेवर सांध्याची झीज दिसेल, पण एक्स-रे वाईट आणि माणूस ठणठणीत असं आम्ही नेहमी बघतो. झीज दिसली म्हणून लगेच फ्यूजन करा असं कोणी म्हणालं तर विचारा, दुखतंय किती? प्लेट टोचत नसेल तर काढायची गरज नाही.

काही गोष्टींसाठी मात्र थांबायचं नाही. बोटं हलवली की असह्य कळ, बोटं पांढरी किंवा बधिर, तर त्याच क्षणी नर्सना हाक मारा. पोटरी कडक होऊन दुखू लागली, किंवा अचानक दम लागला, तर रक्ताची गाठ असू शकते. घरी असताना तसं झालं तर १०८. ताप, टाक्यांतून पाणी किंवा पू, वाढता लालसरपणा असेल तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवायला जा.

राहिली गाडी. उजवा पाय म्हणजे ब्रेकचा पाय. अशा सांध्याच्या फ्रॅक्चरनंतर पायावर पूर्ण भार द्यायला लागल्यापासूनही ब्रेक दाबायचा वेग पूर्ववत व्हायला सुमारे सहा आठवडे जातात, असं ब्रेकच्या चाचण्यांत दिसलंय. म्हणजे सगळं सुरळीत गेलं तरी ऑपरेशनपासून साडेचार-पाच महिने, आणि त्यांच्या मागे शाळेची मुलं बसतात म्हणून मी सहा धरायला सांगेन. स्वतःची गाडी आधी, मोकळ्या मैदानात, कोणालातरी शेजारी बसवून. करकचून ब्रेक दाबताना घोटा कचरला तर बालरथाला अजून वेळ आहे. शाळेच्या व्यवस्थापनाला हे आत्ताच लेखी कळवा, सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा आणि तेवढ्या काळापुरता बदली चालक ठेवायची विनंती करा.